मी फक्त मान हलवली होती

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

तालुक्याच्या गावातील ज्युनिअर कॉलेजात अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीचे हे पत्र आहे. जुलैमधील एका दुपारी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी ‘आज जादा तास आहे’ असे घरी सांगून दोन स्कूटरवरून गावाबाहेरच्या धरणावर गेल्या. तिला जायचे नव्हते. परंतु ‘तुझे नेहमीचेच आहे, पुढच्या वेळी तुला विचारणारच नाही’ असे ऐकल्यावर ती तयार झाली. परतताना उतारावर दोन्ही स्कूटरची शर्यत लागली. ती जिच्या मागे बसली होती त्या मैत्रिणीचा तोल गेला आणि स्कूटर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कणसाच्या हातगाडीवर आदळली. मुलींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. शेगडी मात्र उलटली आणि निखारे कणीसवाल्याच्या हातावर पडले. मैत्रिणीने वडिलांना फोन केला आणि ते येईपर्यंतच्या वेळात ‘काकांनी गाडी अचानक रस्त्यावर ढकलली, सगळ्यांनी हेच सांगायचे’ असे ठरले. मैत्रिणीचे वडील गावात वजन असलेले गृहस्थ आहेत. त्यांनी पत्रलेखिकेला विचारले, ‘तू मागेच बसली होतीस ना? असेच झाले ना?’ तिने मान हलवली. त्यानंतर कणीसवाल्याकडून स्कूटरच्या दुरुस्तीचे सात हजार रुपये दोन हप्त्यांत वसूल केले गेले आणि पुन्हा त्या जागी गाडी लावायची नाही, अशी तंबीही त्याला मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत तो तिला बाजार समितीच्या आवारात पोती वाहताना दिसला. त्याने तिला ओळखले आणि काही न बोलता तो पुढचे पोते उचलायला वळला. तेव्हापासून तिला झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष नाही. मैत्रिणी म्हणतात, ‘झाले गेले, विसरून जा.’ घरी कळले तर कॉलेज बंद होईल, ही भीती आहे. तिचा प्रश्न असा : ‘मैत्रिणींना न दुखावता आणि घरी न सांगता मी या अपराधीपणातून बाहेर कशी पडू?’

प्रिय मुली,

तुझे पत्र बारकाईने वाचले. इतके महिने एकटीने वागवलेली गोष्ट तू कागदावर उतरवलीस, त्यात स्वतःला वाचवण्यासाठी फारसे काही झाकले नाहीस, याची मला जाणीव आहे. म्हणूनच तुझ्याशी आडपडदा न ठेवता बोलणार आहे. तू जो मार्ग मागते आहेस, म्हणजे कोणाला न सांगता, कोणाला न दुखावता मनावरचे ओझे उतरवण्याचा, तो मला माहीत नाही. आणि माहीत असता तरी तुला सांगावा की नाही याचा मी विचार केला असता, कारण त्या मार्गाने तुला झोप लागेल, परंतु बाजार समितीत पोती वाहणाऱ्या माणसाच्या दिवसात काहीही बदलणार नाही.

तुझ्या पत्राचा बराचसा भाग मैत्रिणींविषयी आहे. कोण काय म्हणाली, कोणी तुला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढण्याची धमकी दिली, कोणाला आता तुझ्यावर विश्वास वाटत नाही. कणीसवाल्या काकांविषयी मोजक्या ओळी आहेत. परंतु त्या ओळींत तू जे टिपले आहेस ते मला विसरता येत नाही. उजव्या पंजावरचा गुलाबी पडलेला चट्टा, पोते उचलताना त्यावर गुंडाळलेले फडके, आणि तुला पाहून त्यांचे वळून जाणे. या ओळी लिहिणाऱ्या मुलीला काय झाले आहे हे नीट कळले आहे. तिचा प्रश्न मात्र अजून स्वतःभोवती फिरतो आहे. ‘मी यातून बाहेर कशी पडू’ या प्रश्नाऐवजी ‘काकांचे जे गेले ते परत कसे मिळेल’ असा प्रश्न तू स्वतःला विचारून पाहा. मग पुढच्या बऱ्याच गोष्टींची उत्तरे सोपी झाली नाहीत तरी स्पष्ट होतील.

पत्रात एके ठिकाणी तू लिहितेस, ‘मी घाण मुलगी आहे.’ हे वाक्य तू सोडून द्यावेस असे मला वाटते, आणि ते तुला बरे वाटावे म्हणून नव्हे. ‘मी वाईट आहे’ आणि ‘माझ्या हातून वाईट घडले’ या दोन भावना मानसशास्त्रज्ञ वेगवेगळ्या मानतात, आणि त्यांचे परिणामही वेगळे होतात. पहिली भावना माणसाला तोंड लपवायला लावते, चिडायला लावते, कधी कधी आणखी खोटे बोलायलाही लावते, कारण मूळचेच वाईट असलेले माणूस सुधारणार तरी काय? दुसरी भावना झालेले नुकसान भरून काढण्याकडे ढकलते. तुझी झोप उडवणारी टोचणी ही दुसऱ्या प्रकारची आहे. तिला आजार समजून घालवायला जाऊ नकोस.

आता त्या मान हलवण्याविषयी. ‘मी खोटे बोलले नाही, मी फक्त मान हलवली होती,’ असे तू लिहिले आहेस आणि पुढच्याच ओळीत ‘पण ते खोटेच झाले ना?’ असेही विचारले आहेस. होय, ते खोटेच झाले. मात्र त्या क्षणी काय घडले तेही नीट पाहू या. मैत्रिणीच्या वडिलांनी तुला ‘काय झाले’ असे विचारले नव्हते; ‘असेच झाले ना?’ असे विचारले होते. उत्तर त्यांच्या प्रश्नातच होते, तुझ्याकडून फक्त होकार हवा होता. चहूबाजूंनी माणसे जमलेली, गुडघे फुटलेले, मैत्रीण रडवेली होऊन तुझ्याकडे पाहते आहे आणि समोर गावाने ज्यांना मान द्यायचा असे गृहस्थ उभे आहेत. अशा वेळी सोळा वर्षांच्या मुलीने ‘नाही काका, असे झाले नाही’ म्हणणे किती अवघड होते याची मला पूर्ण कल्पना आहे. त्याच वेळी हेही खरे की, जमलेल्या लोकांत तुझ्याच होकाराला सर्वांत जास्त वजन होते. गाडी चालवणारी आपली बाजू सांगणार हे सगळे धरूनच चालतात. तू मागे बसलेली, म्हणून तू साक्षीदार होतीस. कणीसवाल्या काकांच्या बाजूने बोलणारे तिथे कोणीही नव्हते आणि जी बोलू शकत होती ती तूच होतीस. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत; एकीने दुसरी खोडून काढू नकोस.

मैत्रिणींच्या दबावाविषयी तू स्वतःला फार कमकुवत ठरवले आहेस, म्हणून थोडे सांगते. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठातील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता : पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की आणखी गुणांसाठी गाडी पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. 13 ते 16 वयोगटातील मुले एकटी खेळताना जेवढा धोका पत्करत, त्याच्या सुमारे दुप्पट धोका मित्रांसमोर खेळताना पत्करू लागली. प्रौढांवर मात्र मित्रांच्या असण्याने काही परिणाम झाला नाही. धरणाच्या उतारावर शर्यत लावणाऱ्या तुम्ही चौघी एकेकट्या असता तर त्याच उतारावर ब्रेक दाबत उतरला असता, असे मला वाटते. हे वय असेच असते, यात तुझा वेगळा दोष नाही. मात्र शर्यतीला वयाचे कारण पुरते, नंतर महिनोन्‌महिने गप्प राहण्याला ते पुरत नाही. उतारावर विचार करायला क्षणभरही नव्हता. त्यानंतर तुम्हाला जुलैपासून आजपर्यंतचा वेळ मिळाला आहे.

आणखी एक प्रयोग तुझ्या उपयोगाचा आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात लोकांना रेघांची लांबी जुळवायला सांगितली होती. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. परंतु खोलीतील बाकीचे सगळे, जे आधीच ठरवून बसवलेले होते, एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या मागे जाऊन चुकीची आली. परंतु खोलीत एकच माणूस खरे बोलणारा भेटला की चुकीचे उत्तर देण्याचे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर उतरले. तुमच्या चौघींत तशी एक कोणी असेल का? तू लिहिले आहेस की दुसऱ्या स्कूटरवरच्या मागच्या मुलीने त्या संध्याकाळी तुला ‘मला कसेतरी होतंय’ एवढाच मेसेज पाठवला होता आणि नंतर तो खोडून टाकला. मला ती मुलगी महत्त्वाची वाटते. कदाचित ती तुझ्या पहिल्या शब्दाची वाट पाहत असेल.

मैत्रीचा प्रश्न मी टाळणार नाही. खरे सांगणे म्हणजे मैत्रिणीचा विश्वासघात, असे तू धरून चालली आहेस. त्या दुपारी तुझी मैत्रीण वडिलांना इतकी घाबरली की एका अनोळखी माणसाला पुढे करण्यावाचून तिला दुसरे सुचले नाही. तीही तुझ्याच वयाची आहे आणि तिच्या घरात खरे बोलण्याला जागा नसावी, असे दिसते. तिच्याविषयी मला राग वाटत नाही, काळजी वाटते. परंतु आता तुमची मैत्री ज्या गोष्टीवर उभी आहे ती गोष्ट म्हणजे एक गुपित आहे, आणि ज्या ग्रुपमध्ये राहण्याची अट ‘तोंड उघडायचे नाही’ ही असते, तिथे प्रत्येकीला प्रत्येकीची भीती वाटत राहते. तू तसे लिहिलेच आहेस : आता तुम्ही भेटता तेव्हा हसणे कमी आणि एकमेकींचा अंदाज घेणे जास्त असते. तू बोललीस तर ती काही काळ, कदाचित कायमची, तुझ्यापासून दूर जाईल. ही किंमत खरी आहे आणि ती छोटी आहे असे मी तुला सांगणार नाही.

तुझ्या मनात आलेले दुसरे मार्गही पाहू. गप्प राहणे हा एक. त्याचा अनुभव तू घेतेच आहेस. साठवलेल्या पैशांतून दोन हजार रुपये पाकिटात घालून काकांच्या घराच्या दारात ठेवून यावेत, असेही तू लिहिले आहेस. या विचारामागची भावना चांगली आहे, परंतु त्याने काकांवरचा आळ जात नाही. त्यांनी मुलींना पाडले, असे गाव आजही समजते आहे. त्यांची धंद्याची जागा गेली ती गेलीच आहे. निनावी पाकिटाने त्यांना पैसे मिळतील. त्यांचे नाव मिळणार नाही. तिसरा मार्ग तुझ्या मैत्रिणीने चिडून सुचवला आहे, ‘एवढेच वाटते तर टाक इन्स्टावर.’ ते अजिबात करू नकोस. समाजमाध्यमावर गेलेली गोष्ट तुझ्या हातात राहणार नाही, मैत्रिणीवर लोक तुटून पडतील आणि काकांना त्यातून काहीच मिळणार नाही. त्या दिवसाचे ग्रुपमधील मेसेज मात्र खोडू नकोस आणि कोणाला पाठवूही नकोस; जसे आहेत तसे राहू दे.

उरतो तो मार्ग सांगण्याचा, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मैत्रिणीला विश्वासात घ्यावे, तिला स्वतःहून सांगण्याची संधी द्यावी, हे न्यायाचे वाटते. तरीही मी तुला आधी आईशी बोलायला सांगेन, कारण तू मैत्रिणीला फोन केलास की संध्याकाळपर्यंत तिघीही तुझी समजूत घालायला येतील आणि ज्या दबावापुढे तू जुलैत वाकलीस त्याच दबावापुढे पुन्हा उभी राहशील. आईला सांगून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीला समोरासमोर भेट. तिची परवानगी मागू नकोस. ‘मी आईला सांगितले आहे, आम्ही काकांकडे जाणार आहोत, तू बरोबर आलीस तर मला फार बरे वाटेल,’ एवढे म्हण आणि तिला विचार करायला दोन-तीन दिवस दे.

आईला काय सांगायचे, यापेक्षा कोणत्या क्रमाने सांगायचे याचा आधी विचार कर. ‘आई, आम्ही तास बुडवून धरणावर गेलो होतो’ अशी सुरुवात केलीस तर बोलणे तिथेच अडकेल. कोणाबरोबर, का, कधीपासून हे चालू आहे, यातच रात्र जाईल आणि काकांचा विषय निघेपर्यंत दोघीही रडून थकलेल्या असाल. म्हणून सुरुवात काकांपासून कर : ‘माझ्यामुळे एका माणसावर खोटा आळ आला आहे, त्याचा हात भाजला आहे, त्याचे पैसे गेले आहेत, आणि मला तुझी मदत हवी आहे.’ तासाचे खोटे त्यानंतर सांग, पण त्याच बैठकीत सांग. अर्धे आज, अर्धे पुढच्या आठवड्यात असे करू नकोस. दुसरा हप्ता आला की पहिल्या हप्त्यावरचाही विश्वास जातो. वडील शनिवारी पुण्याहून येतात, तेव्हा आईला आधी, वडील नसताना सांगावे की दोघांना एकत्र, हे तुझ्या घराची रीत पाहून ठरव.

तोंडातून शब्द फुटणार नाही अशी भीती असेल तर लिहून दे. मोहनदास गांधी पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला होता. त्याआधी मित्राच्या आग्रहामुळे ते चोरून मांस खात आणि घरी आल्यावर ‘भूक नाही’ असे आईला सांगत. म्हणजे दोस्ताचा दबाव आणि घरी खोटे, दोन्ही त्यांनी अनुभवले होते. चोरीची कबुली वडिलांसमोर बोलून देण्याचा धीर त्यांना झाला नाही, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. त्या चिठ्ठीत गुन्ह्याची कबुली होतीच. शिवाय योग्य ती शिक्षा मिळावी अशी मागणी होती, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंती होती आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. तुझ्या चिठ्ठीत यापेक्षा एक गोष्ट जास्त हवी : ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी काय करावे असे तुला वाटते, ते. आणि चिठ्ठी उशाखाली ठेवून कॉलेजला निघून जाऊ नकोस. आई वाचत असताना तिथेच बसून राहा.

‘कॉलेज बंद करतील’ ही तुझी भीती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती निराधार नाही. मुलाने तास बुडवला तर त्याला ओरडा बसतो; मुलीने बुडवला तर तिचे बाहेर पडणेच थांबते, असे आपल्याकडे आजही अनेक घरांत होते. म्हणून हा परिच्छेद तुझ्या आईवडिलांसाठी आणि तुझ्यासारख्या मुलामुलींच्या सर्व पालकांसाठी लिहिते. मुलगी स्वतःहून खरे सांगायला आली असेल तर तिच्या त्या येण्याला शिक्षा होता कामा नये. बुडवलेल्या तासाबद्दल, अल्पवयीन मैत्रिणीच्या मागे स्कूटरवर बसल्याबद्दल तिला काही काळ फोन मिळू नये, धरणावरची सहल बंद व्हावी, हे समजण्यासारखे आहे. शिक्षण बंद करणे ही त्या चुकीची शिक्षा नव्हे. ते तिच्या आयुष्याचे नुकसान आहे, आणि त्यातून धाकट्या भावंडांना एवढेच कळते की या घरात खरे बोलणे महाग पडते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांची तुलना 2011 मध्ये प्रसिद्ध केली. एका शाळेत चुकीला मार मिळे, दुसरीत समज दिली जाई. मार मिळणाऱ्या शाळेतील तीन-चार वर्षांची मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे लपवण्यातही अधिक तरबेज निघाली. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा खूप मोठी आहे. पण घरातला अंदाज ती अजूनही तसाच घेत असते. पहिले काही क्षण काहीही न बोलता ऐका. मग ‘तुला लागले होते का?’ एवढेच विचारा. बाकीचे प्रश्न दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू शकतात.

कायद्याविषयी तू विचारले आहेस, त्याचे उत्तर थोडक्यात. सोळा ते अठरा वयात फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो आणि रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर 110 ते 125 सीसीच्या असतात. म्हणजे तुझी मैत्रीण ती गाडी चालवू शकत नव्हती. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 199अ घालण्यात आले. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला तर त्यानुसार पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि चालवणाऱ्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चालवणाऱ्या मुलाचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते. या कलमात मागे बसणाऱ्याचा उल्लेख नाही. तुझ्या बाबतीत पोलिसांकडे तक्रारच झाली नव्हती, त्यामुळे तू पोलिसांसमोर कधी खोटा जबाब दिलेला नाहीस. उद्या कोणी विचारले तर मात्र जे पाहिले तेवढेच सांगायचे, आणि आईवडिलांना बरोबर घेऊन सांगायचे.

या कलमामुळे आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. अल्पवयीन मुलीच्या हातात स्कूटर कोणी दिली, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारलाच नाही, कारण सगळा दोष आधीच हातगाडीकडे सरकवून झाला होता. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण जिवांचा अंत झाला, तेव्हाही गाडी आपणच चालवत होतो असे सांगावे म्हणून घरातील चालकावर दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी मुलाच्या कुटुंबातील मोठ्या माणसांवर ठेवला. तुमची घटना त्या मानाने फार लहान आहे, पण दोष कोणाच्या खांद्यावर ढकलला जातो ते दोन्हीकडे सारखेच दिसते. म्हणूनच मैत्रिणीच्या वडिलांशी बोलायला तू एकटी जायचे नाहीस. ते काम तुझ्या आईवडिलांचे आहे. त्यांनीही एखाद्या शिक्षकाला किंवा दोन्ही घरांशी चांगले संबंध असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्यावे आणि भांडण न करता दोनच गोष्टी मागाव्यात : घेतलेले पैसे परत करणे, आणि ज्यांच्यासमोर काकांना दोषी ठरवले त्यांच्यासमोर ते खोटे होते असे सांगणे.

सात हजार रुपये म्हणजे काय, याचाही अंदाज तुला यावा. केंद्र सरकारने 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली, तेव्हा धंदा पुन्हा उभा करण्यासाठी पहिले कर्ज दहा हजार रुपयांपर्यंतचे ठेवले होते. म्हणजे एका हातगाडीच्या भांडवलाचा मोठा भाग तुमच्या स्कूटरच्या दिव्यावर आणि पत्र्यावर गेला, तोही ज्याचा हात भाजलेला होता त्या माणसाकडून, ऐन पावसाळ्यात, जेव्हा कणसाला गिऱ्हाईक असते. काकांना पुढे दाद मागायची झाली तर प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि 15100 या क्रमांकावरही विचारता येते; महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. खासगी माणसाने तंबी देऊन कोणाला धंद्याच्या जागेवरून उठवायचे, याला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. फेरीवाल्यांच्या हक्कांसाठी 2014 मध्ये वेगळा कायदा झाला आहे आणि जागेचा विषय नगरपालिकेने त्या कायद्यानुसार हाताळायचा असतो. ही माहिती तुझ्या वडिलांनी काकांपर्यंत पोहोचवावी.

तुझी झोप आणि अभ्यास यांविषयी : सांगून झाल्यानंतरही काही आठवडे झोप लागली नाही, जगू नये असे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी आईला सांग किंवा 14416 या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या, क्रमांकावर फोन कर, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. आईने ऐकून घेतले नाही, ‘गप्प बस, त्यांच्याशी वैर नको’ असे म्हणाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण लहान गावात वजनदार माणसाशी वाईटपणा घेणे सोपे नसते. तिला थोडा वेळ दे, पुन्हा सांग, आणि तरीही दार बंदच राहिले तर ज्या मॅडमविषयी तू आदराने लिहिले आहेस त्यांच्याकडे जा. घरात मारहाण होण्याची भीती असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

राहिली काकांची भेट. ती आईवडिलांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊनच होऊ दे, आणि बाजार समितीत हमालांच्या देखत नको. त्यांच्या घरी, त्यांना सोयीच्या वेळी जा. थोडक्यात बोल : ‘त्या दिवशी चूक आमची होती, तुमची नव्हती. मला विचारले तेव्हा मी खोटा होकार दिला.’ तुला रडू येईल, पण तुझी समजूत घालण्याची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नकोस. ‘माफ कराल ना?’ असेही विचारू नकोस. माफ करायचे की नाही हे त्यांनी त्यांच्या वेळेने ठरवावे, आणि कदाचित ते कधीच करणार नाहीत. हाताला अजून औषधपाणी लागते का, हे वडिलांना विचारू दे. तुझे साठवलेले दोन हजार तिथे, सांगून, समोर ठेव. मग त्यांना काय हवे आहे ते विचार आणि ऐकून घे. कदाचित पैसे परत मिळाले तरी त्या जागी पुन्हा गाडी लावायची नाही, त्या गृहस्थांशी पुन्हा संबंध नको, असे ते म्हणतील. कदाचित गावासमोर त्यांचे नाव मोकळे व्हावे, एवढेच त्यांना हवे असेल. कदाचित पुढच्या पावसाळ्यात बसस्टँडजवळ गाडी लावायला नगरपालिकेच्या कागदपत्रांत मदत हवी असेल. प्रकरण किती पुढे न्यायचे हे त्यांच्या सांगण्यावरून ठरू दे, आणि त्यांनी मागितलेल्या गोष्टीत तू काय करू शकतेस हे घरी आल्यावर आईबरोबर बसून लिहून काढ.